तीन दिवस एकतीस पूर्णांक चार

सकाळी नऊच्या सुमारास मी तीन दिवसांच्या नोंदी उघडल्या. पुढच्या आठवड्यात पुण्याच्या एका कंपनीत माझी मुलाखत होती आणि तिथे दाखवण्यासाठी मला एक देखणा आलेख हवा होता. तापमान मोजणारे सहा सेन्सर, दर दहा मिनिटांना एक नोंद. पाच रेषा नेहमीप्रमाणे दुपारी किंचित चढत होत्या, पहाटे उतरत होत्या. सहावी रेषा पट्टी ठेवून आखल्यासारखी सरळ होती. ३१.४, ३१.४, ३१.४.

माझी पदवी भौतिकशास्त्राची आहे. कोणतीही खरी वस्तू तीन दिवस आपले तापमान दशांशापर्यंत जसेच्या तसे राखत नाही, हे मला कोणी सांगण्याची गरज नव्हती. म्हणजे तीन दिवस त्या जागेचे तापमान कोणी मोजलेच नव्हते. सहावा सेन्सर ज्या ढिगात होता, त्याच ढिगावर त्या क्षणी माझी आई उभी होती.

ढीग सरकीचा होता. सेलूतल्या एका जिनिंगमध्ये रुई वेगळी केल्यावर उरलेले कापसाचे बी पत्र्याच्या शेडमध्ये दोन पुरुष उंचीपर्यंत साठवतात. आई आणखी पाच बायकांबरोबर तिथे पोती भरते. मी शाळेत होते तेव्हापासून ती भरते आहे. सरकी ओली राहिली की आतून तापते. वरचा थर थंड दिसतो आणि मधला भाग धुमसत पोकळ होत जातो. त्यावर पाय पडला तर माणूस कमरेपर्यंत आत जाऊ शकतो. म्हणून मुकादम रोज सकाळी एक लांब लोखंडी सळई ढिगात खुपसायचे, एक बिडी ओढून होईपर्यंत आत ठेवायचे, बाहेर काढून तिला उलटा हात लावायचे आणि मगच बायकांना वर चढू द्यायचे.

ती सळई मी बंद केली होती.

सेन्सर बसवले त्या दिवशी मी सर्वांसमोर मुकादमांना म्हणाले होते, "मामा, आता सळई नको. चाळीसच्या वर गेलं की भोंगा वाजेल."

"आन् तुमचं मशीनच झोपलं तर?"

"तर लाल अक्षरात सांगेल."

"बघा बाई. आमची सळई काय आजपर्यंत झोपली न्हाई. रोजची एक बिडी तेवढी वाचली म्हणायची."

बायका हसल्या. आई सर्वांत मोठ्याने हसली आणि शेजारणीला कोपराने ढोसून म्हणाली, "माझी हाय ती."

लाल अक्षरात सांगण्याची सोय खरोखर होती. ती मीच नाहीशी केली. जिनिंगच्या मालकांच्या फोनवर रोज तापमानाचा संदेश जावा, म्हणजे मुलाखतीत सांगायला आणखी एक गोष्ट होईल, असा माझा हिशेब होता. त्यासाठी मी एक नवी लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला तयार कोड, प्रोग्रॅममध्ये जोडली. सेन्सर वाचणारी माझी पहिली लायब्ररी आणि ही नवी, दोन्ही एका तिसऱ्या लायब्ररीवर अवलंबून निघाल्या. एकीला तिची जुनी आवृत्ती हवी होती, दुसरीला नवी, आणि एका प्रोग्रॅममध्ये दोन्ही ठेवता येत नव्हत्या. सगळे तुकडे जुळवून प्रोग्रॅम तयार करणारे साधन अशा वेळी थांबते आणि कुठे जमत नाही ते दाखवते. त्याने दाखवले. मी अर्धा तास त्याच्याशी झगडले आणि मग एक ओळ लिहून नवी आवृत्ती सक्तीने लादली. साधनाची तक्रार थांबली. सहाही सेन्सरचे आकडे आले. मी समाधानाने लॅपटॉप मिटला. एखाद्या सेन्सरची तार उपटून काय होते ते पाहिले नाही.

नव्या आवृत्तीत एक बदल होता. सेन्सरकडून उत्तर मिळाले नाही तर चूक कळवण्याऐवजी ती शेवटचे उत्तर पुन्हा देत असे. हे तिच्या माहितीत स्पष्ट लिहिलेले होते. मी ते त्या सकाळी, तीन दिवस उशिरा वाचले. दरम्यान अवकाळी पाऊस होऊन गेला होता. शेडच्या त्या कोपऱ्यात पत्रा गळतो. ज्या पाण्याने सेन्सरचा जोड बिघडला असेल, त्याच पाण्याने खालची सरकी भिजली असणार.

आणि मग आदली संध्याकाळ आठवली. भाकरी थापता थापता आई म्हणाली होती, "तिकडच्या कोपऱ्यात पायाला ऊन लागायलंय गं. आतून."

मी फोन पाहिला होता. "एकतीस आहे, आई. तुझ्या अंगापेक्षा थंड."

"आसंल. तू बघितलंस म्हंजी झालं."

मुकादमांना तीन वेळा फोन लावला. यंत्रांच्या आवाजात त्यांना तो ऐकू येत नाही. आईचा फोन डब्याच्या पिशवीत, खिळ्याला. मी स्कूटी काढली. रेल्वे फाटक बंद होते. मालगाडी आली, मी डबे मोजू लागले आणि चुकू लागले. डब्यांमधल्या फटींतून पलीकडचे आकाश दिसत होते. प्रत्येक फटीत मी धूर शोधत होते. धूर नव्हता. पण धूर नसण्याचा अर्थ काहीच नसतो, हेही मला माहीत होते.

शेडमध्ये शिरले तेव्हा सहाही जणी वर होत्या. आई त्याच कोपऱ्यात, वाकून पोत्यात सरकी लोटत होती. ओरडावेसे वाटले, पण ओरडले असते तर त्या धावल्या असत्या आणि धावणारा पाय जोरात पडतो. मी मुकादमांजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाले, "मामा, सळई कुठंय?"

टोमणा त्यांच्या ओठावर आला असावा. माझा चेहरा पाहून तो तिथेच राहिला. सळई ताडपत्रीला टेकू म्हणून लावलेली होती.

"बायांनो, काम ठेवा," मुकादम वर बघून म्हणाले. "बसून घ्या. बसल्या बसल्या घसरत खाली या. एकेक. कुणी उभी ऱ्हाऊ नका."

"काय झालं वो? साप हाय का?" एकीने विचारले.

"या म्हणलं ना!"

पाच जणी खाली आल्या. आई सर्वांत लांब होती. तिने आधी पोत्याचे तोंड बांधले. मला ती गाठ जन्मभर आठवेल. किती सावकाश, किती व्यवस्थित. मग ती बसली आणि घसरू लागली. मध्येच तिच्या डाव्या बाजूची सरकी वीतभर खाली बसली. आई थांबली, तिने माझ्याकडे पाहिले आणि ती उजवीकडे सरकत खाली आली. मी तिचा दंड धरला तो बराच वेळ सोडला नाही.

मुकादमांनी सळई खुपसली. अर्धी बिडीसुद्धा झाली नव्हती. त्यांनी सळई बाहेर ओढली, तिला उलटा हात लावला आणि झटकन मागे घेतला. भोकातून वाफेची बारीक रेघ वर आली आणि करपलेल्या तेलाचा वास शेडभर पसरला.

पाण्याचा टँकर आल्याशिवाय ढिगाला कोणी हात लावला नाही. दुपारपर्यंत पाणी मारत, कडेने थोडे थोडे उकरत नेले. मधला भाग बैलगाडीभर काळा निघाला. आईने बांधलेले पोते त्याच्यापासून दोन हातांवर होते.

ती नळाखाली पाय धरून बसली होती. तळवे लाल झाले होते, एका टाचेवर फोड होता. मी शेजारी बसून सगळे सांगितले: दोन लायब्रऱ्या, लादलेली आवृत्ती, पुन्हा पुन्हा येणारा जुना आकडा. किती कळले कोण जाणे.

"म्हंजी ऊन खरंच लागत व्हतं," ती म्हणाली. "मला वाटलं, आता माझे पायच म्हातारे झाले."

मी तिची टाच हातात घेऊन फोडावर पाणी धरले.

त्याच दिवशी मी ती ओळ काढली आणि संदेशाची सोयही. मग सहाही सेन्सरच्या तारा स्वतःच्या हाताने एकेक करून उपटल्या आणि प्रत्येक वेळी लाल अक्षरे येईपर्यंत उभी राहिले. सळई पुन्हा रोज ढिगात जाते. मुकादम आता बिडी माझ्यासमोर जरा जास्त सावकाश ओढतात. मुलाखतीत मी तो आलेख दाखवला, सहाव्या रेषेसकट. नोकरी मिळाली. मी ती घरून करते.

रोज सकाळी आई कामावर गेली की मी नोंदी उघडते. सहावा आकडा समोर येतो, समजा ३०.८. मी पुढच्या नोंदीची वाट पाहते. ती दहा मिनिटे मला दुसरे काहीही करता येत नाही. ३०.९ आले की हात पुन्हा कामाला लागतात. कधी कधी लागोपाठ दोनदा ३०.८ येते. असे होणे अगदी स्वाभाविक आहे. तोवर मी पायांत चपला घातलेल्या असतात आणि स्कूटीची किल्ली हातात असते.