हद्दीपलीकडचं माहेर

आज अमेरिकेतल्या फ्रिस्कोच्या घरात मुलीच्या डोहाळजेवणासाठी बायको ओल्या नारळाच्या करंज्या तळते आहे. त्या वासाने मला १९८५ सालच्या, स्टेट कॉलेज या इथल्याच विद्यापीठाच्या गावातल्या अपार्टमेंटमध्ये नेलं.

रूममेट उदय गोव्याचा, पेडण्याचा. भेटीला आलेली त्याची आई अशाच करंज्या तळत होती. उदयचा थीसिस महायुद्धानंतरच्या पोर्तुगीज सुधारणांवर होता. गोव्याला वसाहतीऐवजी ‘प्रांत’ म्हणू लागल्यावर खरोखर काय बदललं, हा त्याचा प्रश्न.

“नुसती पाटी बदलली, यार,” तो म्हणाला. “आणि शेजारी तुमचा बलाढ्य भारत. त्याने पंचावन्न साली हद्दच बंद केली.”

“तुमचा? पासपोर्ट काढून बघ जरा!” मी म्हणालो. “आणि हद्द बंद केली ते बरोबरच होतं. दबावाशिवाय पोर्तुगीज हलले असते का?”

मावशींनी झारा खाली ठेवला.

“माझं माहेर बांद्याला, हद्दीपलीकडे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, बैलगाडीही ठरली होती. तेवढ्यात हद्द बंद झाली. हा सासरीच जन्मला.”

उदय थक्क झाला. “आई, हे कधी बोलली नाहीस!”

“तुझ्या थीसिसमध्ये बसतं का रे ते?”

“मग तुमची आई कधी भेटली?” मी विचारलं.

“गोवा मोकळा झाला तेव्हा हा सहा वर्षांचा होता. त्याला घेऊन गेले. आई आदल्या वर्षीच गेली होती.”

हद्द बंद करणं योग्यच होतं, असं मला आजही वाटतं. मात्र मुलीचा बाप झाल्यापासून हे मत मी मोठ्याने मांडलेलं नाही.