ढेप, सुकट आणि चिमूटभर कापूस

आज सकाळी खालच्या मजल्यावर कुणीतरी सुकट भाजायला घेतली आणि आमच्या अख्ख्या इमारतीच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. मी तेवढी उघडली. नुसती उघडली नाही, गजांना नाक लावून उभी राहिले. तुम्ही गरी टाकून नदीकाठी बसलेली माणसं आहात, म्हणून तुमच्यापाशी बोलते; बाकीच्यांना हे सांगून उपयोग नाही. तो वास मला थेट पांढुर्ण्याला नेऊन सोडतो, ऐंशीनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत. मी तेव्हा विशीची होते. वेणीला खोबरेल तेलाचा वास यायचा आणि बोटांना चाऱ्याचा, आणि हा दुसरा वास घालवता घालवता आईच्या नाकी नऊ आले होते.

चारा म्हणजे गरीला लावायचं आमिष. बाबा कचेरीत चपराशी होते आणि रविवार उजाडला की जाम नदीवर. त्यांच्यामागे लागून लागून मीही गरी टाकायला शिकले, आणि शिकले ती अशी की रविवारची वाट बघण्यात माझे सहा दिवस जायचे. आम्हाला हवा असायचा शिंगाळा. लांब मिशांचा, अंगावर खवला नसलेला, नदीच्या तळाशी लोळणारा तो खादाड मासा! त्याला दिसतं कमी, पण वास मैलावरून लागतो. तो डोळ्यांनी नाही, मिशांनी जेवतो. मग त्याला लावायचं काय, यावर नदीकाठी जेवढी भांडणं ऐकली तेवढी मी चावडीवरही ऐकली नाहीत. कुणी गांडुळाची शपथ घ्यायचं, कुणी कोंबडीच्या आतड्यांची. एक म्हातारे तर नाकतोड्याशिवाय गरीला हातच लावायचे नाहीत. मी सगळं करून पाहिलं. पाणी गढूळ असेल तेव्हा गांडुळाला तोड नाही, हे खरं. पण नदी एकदा नितळली की बारक्या मासोळ्यांना ते वरूनच दिसतं, आणि तळाला पोचेपर्यंत गरी धुतल्यासारखी स्वच्छ! म्हणून भुईमुगाची ढेप म्हणजे पेंड, कुटलेली सुकट आणि ज्वारीचं पीठ यांची गोळी करावी, तर ती पाण्यात विरघळून जायची. बाबांनी त्यापुढे हात टेकले होते.

मी टेकले नाहीत. एक दिवस भाकरी थापताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भाकरी तुटू नये म्हणून आपण पिठात उकळतं पाणी घालतोच की नाही? मग चाऱ्याने काय घोडं मारलंय? मी ढेप-सुकटीत आधणाचं पाणी ओतलं, तळहाताने रगडून रगडून मळलं, आणि मळता मळता त्यात चिमूटभर कापूस पिंजून घातला. कापसाला आमच्याकडे काय तोटा! त्या धाग्यांनी गोळी अशी धरून ठेवली की गरी हिसडली तरी सुटेना. डब्यात घालून दोन दिवस उन्हात ठेवली की असा दर्प सुटायचा की शेजारीण भांडायला यायची. त्या रविवारी मी दोन शिंगाळे काढले आणि घरापर्यंत अक्षरशः नाचत गेले.

पण पोरगी नदीवर बसते, ही बातमी शिंगाळ्यापेक्षा लवकर पसरली. तीन ठिकाणांहून नकार आले, तिन्ही ठिकाणी कारण तेच. चौथं स्थळ सौंसरकडचं होतं. मुलगा बोरगावच्या बाजूला शाळामास्तर, त्याचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, घर कन्हानच्या काठावर. हे शेवटचं ऐकल्याबरोबर मी हरखले, ते मास्तरासाठी नव्हे, हे आता कबूल करायला हरकत नाही. आईने मात्र बजावून ठेवलं होतं की पाहुण्यांसमोर माशाचं नाव जरी काढलंस तर याद राख.

दसरा होऊन गेला होता आणि दिवाळी यायची होती. पाहुणे आले. जयभीम झाला, पाणी झालं, चिवडा झाला. मी वहिनीची नायलॉनची साडी नेसून, मान खाली घालून बसले होते. मास्तराची मान माझ्याहून खाली होती, म्हणून मला तो आवडला. सगळं सुरळीत चाललं असताना मागच्या अंगणातून वाऱ्याची एक झुळूक आली. चाऱ्याचा डबा मी संत्र्याच्या खोक्याखाली लपवला होता. झाकण लावायला विसरले होते! मुलाच्या आत्याने पदर नाकाला लावला. आईने घाईघाईने दोष नालीवर ढकलला. मुलाचे वडील मात्र डोळे मिटून वास घेत होते, देवळात धूप घ्यावा तसे.

"हा वास नालीचा नाही," ते म्हणाले. "चारा कोणं भिजवला?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मीनं."

मग जी काय उलटतपासणी सुरू झाली! स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, ते राहिलं बाजूला. पाणी किती गरम, कापूस किती, दोरीला शिसं किती. मी भडाभडा सांगत सुटले. ते म्हणाले, तीस वर्षं कन्हानवर बसून राहिलो, शिंगाळ्याले गांडुळासारखं काही नाही. आणि माझी जीभ, ती काय आईच्या धाकात राहणार! मी म्हटलं, नदी नितळली की गांडूळ फुकट जातं. आईने कपाळाला हात लावला. आत्याबाई आता उघडच बोलल्या. पोरगी वाईट नाही, पण आपल्या घरची सून गरी घेऊन काठावर बसणार नाही, गरी सोडत असेल तर पुढचं बोलू. मास्तराने पहिल्यांदा मान वर केली आणि वडिलांकडे पाहिलं.

त्याचे वडील उठून उभे राहिले. "चला नदीवर. पहिला शिंगाळा हिच्या गरीले लागला, तं लग्नानंतर हिले नदीवर जाऊ नको म्हणाचं नाही. कोणंच नाही. माह्या गरीले लागला, तं हिनं गरी माहेरीच ठेवून याची. कबूल?"

मी आईकडे न बघता कबूल म्हटलं. नवरा मिळतो की नाही ही धाकधूक कुठल्या कुठे गेली. आता नदीच पणाला लागली होती. भर दुपारी आमची वरात निघाली, पुढे गरीच्या दोन काठ्या, मागे पाहुणे, त्यामागे अर्धी गल्ली. पलीकडच्या सावरगावच्या काठावरही माणसं गोळा झाली. मास्तराने चांगली पँट चिखलात घालून वडिलांसाठी करवंटीभर गांडुळं खणून आणली. ते आमच्याकडे पाठ करून खडकावर बसले, मी थोडी खालच्या डोहाशी. ज्वारीच्या धांड्याचा पांढरा गाभा तरंगायला लावलेला, डोळे त्याच्यावर, आणि छाती अशी धडधडत होती की मासे पळून जातील, असं मला खरंच वाटलं.

तास गेला. दीड तास गेला. कुणाच्याच गरीला काही लागेना. मी दोनदा गोळी बदलली. आत्याबाई सावलीत बसून पान लावता लावता भावाला टोमणे मारत होत्या, आणि मला ती कन्हान, न पाहिलेली, हातातून निसटताना दिसायला लागली. रडू यायला लागलं होतं, राग तर त्याहून जास्त. तेवढ्यात धांडा थरथरला. एकदा. परत एकदा. आणि मग सरळ पाण्याखाली! मी काठी अशी ओढली की स्वतःच गुडघाभर पाण्यात गेले. वहिनीची साडी, बांगड्या, लाज, सगळं पाण्यात. दोरी बोटांना कापत होती, काठावरून चार जण चार सल्ले देत होते, आणि मी कुणाचं ऐकत नव्हते. शेवटी वाळूवर आला तेव्हा तो माझ्या हाताएवढा होता, मिशा हलवत, रागाने. होणारे सासरे धावत आले आणि त्याला उचलायला वाकले. "हात नका लावू, काटा हाय," मी ओरडले. ते लहान मुलासारखे मागे सरले आणि मोठ्याने हसले.

दिवाळीनंतर मी कन्हानकाठी गेले, गरी सोबत घेऊन. पुढची वीसेक वर्षं आम्ही सासरा-सून रविवारी काठावर बसलो. त्यांना, मामाजींना, मी किती चिडवलं त्याला हिशेब नाही. मामाजी, तुमचं गांडूळ हरलं, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर म्हणायची, आणि ते मान डोलावून म्हणायचे, हो न बाप्पा, हरलं.

ते गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, पाहुणे पांगले, तेव्हा नवरा ओसरीवर माझ्याशेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "त्या दिवशी बाबानं गरीले काहीच लावलं नव्हतं. करवंटी जशीच्या तशी भरली होती. मीनंच ती मंग चिखलात उलटी केली. सांगू नको म्हणाले होते."

मला आधी रागच आला. हो, सांगते ना खरं! इतकी वर्षं मी जिंकल्याच्या तोऱ्यात मिरवले, आणि समोर कुणी खेळतच नव्हतं? मी तावातावाने म्हटलं, शिंगाळा काही त्यांच्या सांगण्यावरून आला नाही, माझ्या चाऱ्याला आला. नवरा म्हणाला, हो, तो तुझ्याच चाऱ्याला आला. मग मात्र मला रडू आवरेना.

आता जाममध्येही पहिल्यासारखं पाणी नाही आणि कन्हानही उन्हाळ्यात खडक दाखवते. कोणता चारा सर्वांत चांगला, हे मला कुणी विचारलं तर मी अजूनही हिरिरीने सांगेन, ढेप, सुकट आणि चिमूटभर कापूस. ते खरंच आहे. पण मला नदी मिळाली ती त्याने नाही. लोक बघत असताना, स्वतःची बहीण टोमणे मारत असताना, खाली मासे फिरताहेत हे माहीत असताना, उभी दुपार रिकामी गरी पाण्यात धरून बसायला काय लागतं, हे गरी टाकणाऱ्यालाच कळेल.