दुसऱ्या प्रोसेसरचे चार स्लॉट

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय, लिहायला मात्र आज पहिल्यांदा बसलोय. बारामतीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, मूळ गाव कऱ्हाटी. मशीन बिघडलं की त्याला कारण असतं, आणि कारण सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नसतं — एवढंच मी आयुष्यभर मानत आलो. घरात कुणी दृष्ट काढायला लागलं तरी मी उठून अंगणात जायचो. त्यामुळे हे लिहायची लाज वाटतेय. पण खरं सांगायचं तर ती लाज वेगळ्याच गोष्टीची आहे...

इंदापूरला एक डायग्नोस्टिक सेंटर आहे, नाव देत नाही. तिथला सर्व्हर माझ्या देखभालीत होता. सगळ्या पेशंटचे सीटी स्कॅन त्याच्यावर साठवलेले. अशा सर्व्हरच्या मदरबोर्डवर दोन प्रोसेसर असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला रॅम बसवायचे आपापले स्लॉट. आमच्या बोर्डवर आठ-आठ, म्हणजे एकूण सोळा. एक ते आठ पहिल्या प्रोसेसरचे, नऊ ते सोळा दुसऱ्याचे. एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

मशीनची खोली याकूबभाई सांभाळायचे. पंचावन्नच्या पुढचे, वालचंदनगरहून रोज एसटीने येणारे, कमी बोलणारे. सेंटर सुरू झालं तेव्हापासून तिथेच. खोलीची किल्ली त्यांच्या खिशात.

एका शुक्रवारी मला खोली उघडून देऊन ते दुपारी नमाजला गेले होते आणि मी एकटाच सर्व्हर उघडून धूळ काढत होतो. दुसऱ्या प्रोसेसरवरची, तो तापू नये म्हणून लावतात ती पेस्ट वाळली होती, म्हणून तो काढला. नवी पेस्ट लावून परत बसवताना तो माझ्या बोटांतून सुटला आणि त्याचा कोपरा सॉकेटवर, म्हणजे बोर्डवरच्या त्याच्या खाचेवर आपटला. सॉकेटमध्ये केसासारख्या बारीक पिना असतात. टॉर्च मारून बघितलं तर दोन पिना वाकलेल्या. याकूबभाईंच्या ड्रॉवरमध्ये सुई होती, तिने त्या कशाबशा सरळ केल्या. मशीन चालू केलं — सोळाच्या सोळा स्लॉट दिसले. मी झाकण लावलं आणि कुणाला काही बोललो नाही.

आठ-दहा दिवसांनी तेरा ते सोळा हे चार स्लॉट गेले. मॅडमनी, म्हणजे सेंटरच्या डॉक्टरांनी, बोलावून घेतलं. मी त्यांच्यासमोर चालू स्लॉटमधली रॅम बंद स्लॉटमध्ये घालून दाखवली, दोन्ही प्रोसेसरची अदलाबदल करून दाखवली. बिघाड जागचा हलेना, म्हणजे दोष सॉकेटचा. हे सगळं मला आधीच माहीत होतं. प्रोसेसर काढला तेव्हा वाकडी पिन मॅडमनाही दिसली. कशानं झालं, त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "कुणीतरी उघडलेलं दिसतंय. किल्ली काय, याकूबभाईंकडंच असते."

बस, एवढंच. याकूबभाई दारातच उभे होते. "मी न्हाय उघडलं, मॅडम," ते म्हणाले. एकदाच. मी स्क्रू लावत राहिलो, मान वर केली नाही. महिना संपता संपता त्यांना घरी बसवलं.

आता पुढचं ऐका.

बोर्ड बदलायचं ठरलं. ते काम मी करायला नकोच म्हटलं, म्हणून पुण्याहून इंजिनियर आला. नवा बोर्ड त्यानेच सीलमधून काढला, त्यानेच बसवला. मशीन चालू केलं — तेरा ते सोळा बंद! तेच चार. त्याने दुसरी रॅम घातली, दुसरा प्रोसेसर लावला, पॉवर सप्लाय बदलला. तेच. वैतागून तो सगळं मशीन पुण्याला घेऊन गेला. तिथे सोळाही स्लॉट चालू. परत इंदापुरात आणलं, चार बंद. मी बारामतीला माझ्या टेबलावर लावून बघितलं — सगळे चालू. यूपीएस बदलला, अर्थिंग नवीन केलं, मशीन दुसऱ्या खोलीत हलवलं... त्या इमारतीत शिरलं की दुसऱ्या प्रोसेसरचे तेच चार स्लॉट मुके.

तुम्ही म्हणाल, बारा स्लॉटवर चालवायचं. चालवत होतोच. पण मशीन मधेच अडकून पडायचं. एकदा कळसचे एक आजोबा डोक्याला मार लागून आले होते. त्यांचा जुना स्कॅन उघडेना. तासभर ते स्ट्रेचरवर पडून होते, सून पदराने वारा घालत होती. मी मशीनसमोर बसलो होतो आणि काचेतून मला ते दोघं दिसत होते. आजोबांचं पुढे बरं झालं, पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली आणि इंदापूरला न जाता थेट वालचंदनगर गाठलं. याकूबभाई घराच्या ओट्यावर टेबल मांडून कुणाचा तरी मिक्सर उघडून बसले होते. मला बघून त्यांनी आतून खुर्ची आणली, चहा सांगितला. मी चहा येईपर्यंतही थांबलो नाही. प्रोसेसर पडला, पिना वाकल्या, तुमच्याच सुईने सरळ केल्या, सगळं सांगितलं.

त्यांनी मिक्सरचा स्क्रू वाटीत ठेवला. "मला तवाच कळलं व्हतं," ते म्हणाले. "सुईला पेस्ट लागल्याली व्हती."

मग बोलला का नाहीत, मी विचारलं.

"बोलणार व्हतो. तुमी एकदा वर बघाल म्हणून थांबलो, सुधीरराव."

आतून चहा आला. मग तेच म्हणाले, "माझ्याशी बोलून काय व्हायचं हाय? मॅडमना सांगा." मी म्हणालो, आत्ताच जातो.

चहा संपतोय तोवर मोबाइल वाजला. सेंटरमधून रिसेप्शनची मुलगी बोलत होती. सर्व्हर आपोआप बंद होऊन परत चालू झाला होता, आणि आता एकदम फास्ट चालतोय म्हणाली. मी तशीच गाडी काढून इंदापूरला गेलो. सोळाही स्लॉट चालू होते. मशीनमध्ये प्रत्येक रीस्टार्टची वेळ आपोआप नोंदली जाते, ती उघडून बघितली. पावणेबाराची वेळ. पावणेबाराला मी त्या ओट्यावर बसलो होतो. खोलीला कुलूप होतं, लाइट गेली नव्हती.

अंगावर काटा आला, हे खरं. पण त्यानंतर मी जे केलं ते सांगायलाच आज बसलोय. मॅडम आत आल्या, स्क्रीन बघून खूश झाल्या, काय केलंस म्हणाल्या. मी म्हणालो, "काल एक सेटिंग बदलून ठेवलं होतं." त्यांनी सगळ्या स्टाफसमोर माझं कौतुक केलं. मी हसलो. याकूबभाईंचं नाव काढलं नाही.

मला वाटलं, आता स्लॉट परत जातील. रोज मी घाबरत घाबरत बघायचो. काहीही झालं नाही. सात महिने मशीन उत्तम चाललं, आणि ते सात महिने मला फार जड गेले.

मग एक दिवस याकूबभाई बायकोला घेऊन स्कॅनसाठी आले. मी आत काम करत होतो. याकूबभाईंच्या जागी आलेल्या नव्या मुलीला मॅडम सांगत होत्या की मशीनची खोली उघडी टाकू नकोस, मागे एकदा निस्तरावं लागलंय. बाहेर बाकावर याकूबभाईंना ते ऐकू गेलं. काचेतून मला ते दिसत होते, पण या वेळी त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

मी बाहेर आलो आणि पेशंट बसले होते तिथेच बोललो, "मॅडम, पिना मी वाकवल्या होत्या. याकूबभाईंनी मशीनला हातही लावला नव्हता. मी खोटं बोललो."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या, मग याकूबभाईंकडे. तेवढ्यात आतून त्यांचा नंबर पुकारला. ते उठले, बायकोचा हात धरला, "चल, आपला नंबर आला," म्हणाले आणि आत गेले.

माझं तिथलं काम गेलं, ते जायलाच हवं होतं. मॅडमनी याकूबभाईंना परत बोलावलं, त्यांनी नाही म्हणून कळवलं. सर्व्हर अजून सोळा स्लॉटवर चालू आहे असं ऐकतो. पुण्याच्या त्या इंजिनियरला मी दोनदा विचारलं, त्याच्याकडे उत्तर नाही. माझ्याकडेही नाही. इथे कुणाला सुचलं तर जरूर लिहा. फक्त एक विनंती — मला त्या दिवशी देवानं माफ केलं वगैरे कुणी लिहू नका. पावणेबाराला स्लॉट चालू झाले, आणि साडेबारा-पाऊणला मी परत खोटं बोललो.