गुनवोरने भट्टी विझू दिली नाही

गुनवोरला आमच्या गावात कुणी गोड बाई म्हटलं नाही. सत्तरी ओलांडली तरी जिभेची धार तशीच. गावच्या भट्टीची किल्ली मात्र तिच्याकडेच. शरदात प्रत्येक घर पाळीने तिथे हिवाळाभराच्या पातळ रोट्या भाजतं, आणि भट्टी गरम असतानाच पुढच्या घराच्या हाती देतं.

या भट्टीच्या विटा टेकडीवरच्या किल्ल्याच्या. राजाच्या कारभाऱ्याने आमच्या पूर्वजांना वेठीला धरून त्या वर वाहायला लावल्या. पुढे त्यांनीच किल्ला पेटवला आणि विटा खाली आणल्या. चोरी म्हणा हवं तर, आम्ही नाही म्हणत.

गेल्या शरदात पुरातत्त्व खात्याचा हेनिंग हुकूम घेऊन आला. किल्ल्याचा दरवाजा पुन्हा उभारायचा होता, त्याला मूळच्या विटा हव्या होत्या.

"त्या किल्ल्याच्या आहेत, बाई," तो म्हणाला.

"आणि किल्ल्याला कुणी दिल्या? फुकट राबून?"

"हा सगळ्या देशाचा वारसा आहे. तुम्हाला विजेची नवी भट्टी देऊ."

"ती तुझ्या आईला दे."

सोमवारी तो गवंडी घेऊन आला, तेव्हा गुनवोर पहाटेपासून भाजत होती. गवंड्याने विटांजवळ हात नेला आणि मागे घेतला.

"गार झाल्याशिवाय मी हिला हात लावणार नाही."

"थांबू," हेनिंग म्हणाला.

पण गुनवोरनंतर शेजारच्यांची पाळी होती, मग आमची. वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोलणारी घरंसुद्धा निमूट निखारे सोपवून गेली. आठवड्याच्या शेवटी गावातलं जवाचं पीठ संपलं. गुनवोरने रिकाम्या भट्टीत लाकूड सारलं.

"आता काय भाजताय?" हेनिंग वैतागून म्हणाला.

"काही नाही. आग आमची आहे, तेवढं पुरे."

"असं किती दिवस जाळणार?"

"किल्ला किती दिवस जळत होता, ते तुझ्या पुस्तकात असेल. बघून ये."

गवंडी इतके दिवस आमच्याच रोट्या लोण्याशी खात बसला होता. तो उठला, सरपणातला जाड ओंडका उचलून त्याने आगीत घातला आणि हात झटकले. मला इतका आनंद झाला की मी हेनिंगकडे बघून उघड हसले.

हेनिंग रिकामा ट्रक घेऊन परतला. किल्ल्याला अजून दरवाजा नाही, आणि आम्हाला तो नकोच आहे.