भरितासाठी सोडलेली तलवार

साठच्या दशकात असोद्याला चंपाषष्ठीला सोंगं निघायची. राक्षस मारणारा वीर मी आणि राक्षस माझा मेहुणा. राक्षस पडल्याशिवाय गावाने नैवेद्याचं भरीत खायचं नाही, अशी रीत. म्हणून आम्ही उन्हात लाकडी तलवारी आपटायच्या, आणि तोंडाचा रंग धुऊन येईपर्यंत भरिताचं भांडं खरवडलेलं! सात वर्षं सोसलं. आठव्या वर्षी माझं डोकंच फिरलं. खोट्या मिशा उपटून गावच्या म्हाताऱ्या आबांच्या हातात दिल्या नि म्हणालो, "मी चाललो देवळामागे, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला."

आबा हादरले. "मंग राक्षसाले कोन मारीन?"

देवळामागे जाऊन पाहतो तर राक्षस शिंगांसकट माझ्याआधीच वांगी सोलत बसलेला.