दुकानांवरच्या घरांचे मामा

रिकाम्या फ्लॅटमध्ये शिरलं की मामा हॉल दाखवत नसत, बाल्कनी दाखवत नसत. दाराशी चपला काढून थेट स्वयंपाकघरात जायचे आणि नळ सोडायचे. "आदी पानी बगा. भिंती कुटं पळून जात्यात व्हय?" पाणी आलं तर गिऱ्हाइकाकडे असं बघायचे, जणू विहीर त्यांनीच खोदली आहे. नाही आलं, तर नळ बंद करून स्वतःच म्हणायचे, "चला, दुसरं बगू."

बीडच्या भर बाजारपेठेत खाली दुकानं आणि वर फ्लॅट अशा इमारती उभ्या राहिल्या, त्यातली घरं विकून देणं आणि घेऊन देणं हा त्यांचा धंदा. मूळचे तलवाड्याकडचे, मेंढपाळाच्या घरातले. माझं दुकान रजिस्ट्री ऑफिससमोर. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, दोन खुर्च्या. मी खरेदीखतं टाईप करून देते. मामांचं खरं नाव कितीतरी कागदांवर साक्षीदार म्हणून टाईप केलं, पण हाक कायम मामा म्हणूनच मारली.

घरांचे एजंट तुम्हीही पाहिले असतील. मोकळी हवा, भरपूर उजेड, बाजार दोन पावलांवर, हे त्यांना पाठ असतं. मामांचं उलटं. ते खोट आधी सांगत. "खाली मिरची कांडायची गिरणी हाय. दुपारच्याला शिंका येत्याल. चालंल का?" बिल्डर कपाळाला हात लावायचा. पण गावाकडून आलेली माणसं मामांकडूनच घर घेत. त्यांनी सांगितलेल्या खोटीपलीकडे दुसरी खोट निघत नसे.

घर विकल्यावरही त्यांचं काम संपत नसे. एका कुटुंबातली म्हातारी लिफ्टला इतकी घाबरली, की तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या घरी जायलाच तयार होईना. मामा तिचा हात धरून चार वेळा खाली-वर गेले. पाचव्या वेळी म्हातारीनं त्यांना बाहेर ढकललं, आपणच बटण दाबलं आणि दार लागता लागता म्हणाली, "तुमी या जिन्यानं!" ही गोष्ट सांगताना मामा इतके हसायचे, की चहा बशीत सांडायचा.

मला घर घ्यायचंय, हे मी सगळ्यात आधी त्यांनाच सांगितलं. नवऱ्यापासून वेगळी होऊन सात वर्षं झाली होती. मुलगी मोठी होत होती आणि भाड्याच्या खोल्या बदलून आम्ही दोघी थकलो होतो.

"ताई, इतके दिस कावून बोलली न्हाईस?" मामा एवढंच म्हणाले.

महिन्याभरात त्यांनी दुसऱ्या मजल्यावरचं एक घर शोधलं. मालक निवृत्त शिक्षक, मुलाकडे राहायला निघालेले. सगळं ठरलं. रजिस्ट्री चार दिवसांवर आली आणि गुरुजी खाली मान घालून माझ्या दुकानात आले. मामा तिथंच चहा पीत बसले होते. बिल्डिंगमधल्या लोकांचं म्हणणं पडलं होतं, एकटी बाई नको.

"जाऊ द्या मामा," मी म्हटलं. 'एकटी बाई नको' हे मी खोल्या शोधताना खूपदा ऐकलं होतं. ते गिळायचं कसं, हे मला ठाऊक होतं. मामांना ठाऊक नव्हतं. अर्धा चहा तसाच ठेवून ते उठून गेले.

रविवारी सकाळी ते मला घेऊन त्या इमारतीत गेले. मामांनी सांगून ठेवल्यामुळे पार्किंगमध्ये सगळे राहणारे जमले होते. सोसायटीचे अध्यक्ष कापड दुकानदार, बोलणं मऊ. "मामा, तसं काही नाही. पण उद्या काही झालं तर?"

"काय हुईल?"

अध्यक्ष चष्मा पुसू लागले. मला वाटलं, जमीन फाटावी. मामांनी आवाज चढवला नाही. अध्यक्षांनाच विचारलं, "तुमचं खरेदीखत कुणी टायिप केलतं?"

"या ताईंनीच."

"तुमचं?" त्यांनी शेजारच्याला विचारलं. मग त्याच्या शेजारच्याला. एकेक जण माझ्याकडे बोट दाखवू लागला. "घराच्या कागदाला हिचा हात चालतो. मग शेजाराला ही कावून चालंना?"

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि मामांना जिन्यानं यायला लावणारी तीच म्हातारी बाहेर आली. लोकांवरून नजर फिरवून मला म्हणाली, "कागदावर माझ्या नावातली चूक तूच धरली व्हतीस ना, पोरी? कवा येतीस ऱ्हायला?"

शेवटी अध्यक्षच म्हणाले, "ठरल्या दिवशी होऊ द्या रजिस्ट्री."

रजिस्ट्रीच्या दिवशी माझं खरेदीखत मीच टाईप करायला बसले. 'लिहून घेणार', म्हणजे घर विकत घेणारा, या शब्दांपुढे आजवर किती जणांची नावं घातली होती! त्या दिवशी बोटं अडली. मामांनी खुर्ची जवळ ओढली. "मी सांगतो, तू लिव." आणि माझं नाव त्यांनी मला सावकाश, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.

गेल्या वर्षी गावाकडे त्यांच्या थोरल्या भावाचा पाय मोडला. मेंढरांमागं जायला कुणी उरलं नाही. "विकून टाका की," मी म्हटलं.

"घरं लई इकली ताई. ही न्हाई इकायची."

रिकाम्या फ्लॅटांच्या किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवून ते गावाकडे निघून गेले. पंधरा दिवस एकेक मालक येऊन आपली किल्ली सोडवून नेत होता. शेवटी नुसती कडी उरली.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. गेवराईच्या अलीकडे आमची एसटी अचानक थांबली. पुढे दोन ट्रक उभे होते, हॉर्न वाजत होते. खिडकीतून डोकं काढलं, तर हमरस्त्याच्या मधोमध मामा. खांद्यावर घोंगडी, एक हात ट्रकांसमोर वर केलेला. कळप रस्ता ओलांडत होता. मी हाक मारली, पण हॉर्नच्या आवाजात ती कुठली पोचायला? सगळी मेंढरं पलीकडे गेली. मागं एक लंगडी मेंढी राहिली होती, थांबत थांबत येणारी. ड्रायव्हर ओरडले, तरी ती पलीकडच्या मातीत उतरेपर्यंत मामांनी हात खाली घेतला नाही.