खंडेनवमीच्या अक्षता

जिने उभा जन्म दत्तापुढे गाण्यात घालवला, तिच्याच गळ्यात गाठ का यावी, याचं उत्तर मला अजून कोणी धड दिलेलं नाही. उपदेश करणारे पुष्कळ भेटले. कोणी प्रारब्ध म्हणालं, कोणी परीक्षा. एकीला मी तोंडावर सुनावलं, की असली परीक्षा घेणाऱ्या मास्तराला शाळेतून काढून टाकतात. माझी ताई, जिच्या गळ्याचा हा सगळा प्रश्न, ती तेव्हा शेजारी बसून शांतपणे शेंगा सोलत होती. दिवाळीच्या आत ऑपरेशन करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नंतर गाता येईल का, यावर ते नुसते कागद चाळत राहिले.

मी बडोद्यात ऑर्गन वाजवते आणि पदांना चाली बांधते. जुन्या संगीत नाटकांत असायचा तो ऑर्गन, पायांनी भाता मारायचा. आमच्या दत्तमंदिरात तसा एक आहे. दर गुरुवारी शहराच्या दोन टोकांहून, मी हरणीहून आणि ताई वासण्याहून, तिथे येतो. तेव्हा ती गायची, मी साथ करायचे. गाठीचं कळल्यावर मी जोग रागात तिच्यासाठी एक मोठं पद बांधायला घेतलं. ते तिने ऑपरेशनच्या आधी, दसऱ्याच्या संध्याकाळी, दत्तापुढे गायचं ठरलं. कोणाचा गळा तू काढून घेतोयस ते एकदा नीट ऐक, एवढंच मला त्याला सांगायचं होतं. भक्तिबिक्ती त्यात फारशी नव्हती.

दसऱ्याला आरती संपली, लोक बसले, मी ऑर्गनचं झाकण उघडलं आणि मस्तकात सणक गेली. आदल्या दिवशी खंडेनवमी. देवळाचा कारभार पाहणारे नाना दरवर्षी त्या दिवशी तबल्याची, टाळांची पूजा करतात. यंदा त्यांनी झाकण काढून ऑर्गनच्या पट्ट्यांवरही हळदकुंकू वाहिलं होतं, आणि वर ओल्या कुंकवात कालवलेल्या अक्षता, चांगल्या मूठभर. पट्ट्यांच्या फटीत तांदूळ जाऊन फुगले होते. पांढरी पाचची पट्टी खाली रुतून बसली होती. भाता मारला की तो एकच सूर आपोआप वाजत राहायचा.

"नाना, हे काय करून ठेवलंत?"

"अगं, शांती राख ना जरा! वर्षातनं एकदा पूजा होते, त्यात काय खोटं केलं मी?"

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. केसातली पिन काढून तांदूळ उकरायला गेले, तर ते आणखी आत गेले. देवळातली पेटी दुसऱ्या भजनी मंडळाने नेलेली. आमचं पद बसवलं होतं त्याहून वरच्या, काळी पाचच्या पट्टीत. तिथून हा अडकलेला सूर धैवत होत होता, आणि जोगात धैवत वर्ज्य, लागला की राग मोडलाच. शेवटी मी मूर्तीकडे पाहून मोठ्यानेच म्हणाले, "गळा घेतोस ते घेतोस, एक संध्याकाळसुद्धा देववत नाही तुला?" रागाच्या भरात माझे पाय मात्र भाता मारतच होते आणि तो सूर वाजतच होता.

पुढच्याच रांगेत एक म्हाताऱ्या गुजराती बा बसल्या होत्या. त्यांना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी पाय थांबवले तशा त्या म्हणाल्या, "बेन, बंद ना करशो. आ सूर बहु सारो लागे छे." त्यांना तो सूर गोड लागत होता; हिरमोड कशाला करा, म्हणून मी चिडूनच पुन्हा पाय हलवले. बांनी डोळे मिटले आणि त्या सुरात सूर मिळवून 'दत्त दत्त' म्हणू लागल्या. मग त्यांच्यामागून ताई म्हणू लागली, आणि माझं लक्ष एकदम तिच्या आवाजाकडे गेलं. तालमीत तो वर जाताना ओढला जायचा, काचायचा. इथे तो मोकळा होता. ताईने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "इथूनच घे. इथे मला दम पुरतोय."

अडकलेला सूर षड्ज धरून, तीन पट्ट्या खाली उतरून, मी पद सुरू केलं. सवयीचे हात चुकत होते. पण खालचा षड्ज तुटत नव्हता आणि ताई त्यावर बसून गात होती, कोणतीही जागा न टाळता, वरच्या गंधारापर्यंत. मी ठरवलेल्या पट्टीत ती तिथे पोचली नसती, हे मला वाजवतानाच कळत होतं आणि तिला तर महिनाभर ठाऊक असणार. पद संपल्यावर मी ढसाढसा रडले. बांना नमस्कार करायला उठले, तर त्या प्रसादाच्या गर्दीत निघून गेल्या होत्या. पुढे कित्येक गुरुवारी पाहिलं, पुन्हा दिसल्या नाहीत. त्या कोण, याचा मी फार खल करत नाही.

ऑपरेशन झालं. ताई वाचली, गाणं गेलं. त्याबद्दलचा माझा राग शमलेला नाही आणि शमल्याचं सोंग मी देवापुढे आणणार नाही. पण माझ्या हट्टाप्रमाणे झालं असतं तर ती संध्याकाळ मी माझ्याच हाताने नासवली असती, हे मला कबूल आहे. ती त्याने दिली, माझ्या शिव्या खात दिली. म्हणून आता पद बांधते, तालीम करते आणि पुढचं त्याच्यावर सोडते. कुरकुरत का होईना, सोडते.

ताईचं बोलणं ऐकायला हल्ली कान तिच्या तोंडाशी न्यावा लागतो. गेल्या गुरुवारी आरतीनंतर तिचे ओठ हलले, म्हणून मी वाकले.

"भांडून झालं त्याच्याशी?" ती म्हणाली. "मग आता माझा नमस्कार सांग. तुझा आवाज पोचतो."